हॉटस्पॉट की घरचं वायफाय: संगमेश्वर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गापासून थोडी आत एक वाडी आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. घरच्यांनी लिहायला होकार दिला तो याच अटीवर. मी तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. या घरचा लॅपटॉप माझ्याकडेच येतो, त्यामुळे सगळं प्रकरण जवळून पाहायला मिळालं.

घर चिऱ्याचं, कौलारू. भिंती दीड फुटाच्या. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि त्यामागे पोफळीचं आगर. घर उताराच्या खालच्या अंगाला असल्याने मोबाइलची रेंज येते ती ओटीच्या एका खिडकीपाशी. माजघरात गेलं की फोन नुसता घड्याळापुरता.

घरात पाच माणसं. भाऊ शेती औषधांच्या वितरकाकडे फिरतीवर असतात. सकाळी साडेआठला मोटरसायकल काढली की देवरुख, लांजा, कधी राजापूर करून संध्याकाळी परत. वहिनी मुंबईतल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसचं काम घरून करतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रं, तीही रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे फाइल मुंबईच्या कॉम्प्युटरमध्येच राहते आणि इथे फक्त पडदा दिसतो. गुरुजी निवृत्त शिक्षक. आजींना फोनचं वावडं. मुलगी २०२४ च्या जूनमध्ये नववीत गेली.

तेव्हा घराचं इंटरनेट म्हणजे भाऊंच्या फोनचा हॉटस्पॉट. त्यावर रोजचे २ जीबी मिळायचे. वहिनींच्या फोनवर रोज दीड जीबी. दोन्ही सिम एकाच कंपनीची, कारण त्या खिडकीत तेव्हा तीच चांगली चालायची.

अडचण

हॉटस्पॉटबद्दल बोलताना लोक वेग आणि डेटा या दोनच गोष्टी विचारतात. या घरात खरी अडचण तिसरीच होती. भाऊ साडेआठला बाहेर पडले की घराचं इंटरनेट त्यांच्या खिशातून देवरुखच्या रस्त्याला लागायचं. मग वहिनींचा दीड जीबी लॅपटॉपला, मुलीच्या अभ्यासाला आणि दुपारी गुरुजींच्या टीव्हीला. टीव्ही नवा, स्मार्ट. त्यावर गुरुजींची कीर्तनं आणि आंबा-काजूच्या फवारणीचे व्हिडिओ. दुपारी तीन-साडेतीनला डेटा संपायचा.

डेटा संपला तरी इंटरनेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. म्हणजे सेकंदाला ८ केबी. तीन एमबीची एक पीडीएफ उतरायला सहा मिनिटांच्या वर जातात, आणि रिमोट डेस्कटॉपवर तर माउस आज हलवला की उद्या सरकतो. २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस, म्हणजे २००० केबीपीएस, असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. हा वेग त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकाही नाही.

रोजचा कोटा रात्री बाराला नव्याने मिळतो. त्यामुळे वहिनींनी नकळत आपला दिवसच बाराला सुरू केला होता. जीएसटीआर-३बी या महिन्याच्या विवरणपत्राची मुदत २० तारखेची. १९ आणि २० च्या मध्यरात्री ओटीवर, खिडकीला खेटून, डास मारत दीड-दोनपर्यंत काम. सकाळी पुन्हा डबे.

त्यातच जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. उदाहरण म्हणून जिओचे आकडे घ्या: रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला, २ जीबीचा २९९ वरून ३४९ वर, आणि १ जीबीचं जादा पॅक १५ वरून १९ वर. भाऊंनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "आपण इंटरनेटवर नक्की घालवतो किती?"

आधी मोजणी

इथे या घराने एक गोष्ट बरी केली. काही विकत घेण्याआधी मोजलं.

पैशांचा हिशेब यूपीआयच्या यादीत सापडला. दोन रिचार्ज मिळून ६४८ रुपये सगळ्यांना ठाऊक होते. पण त्याच यादीत १९-१९ रुपयांची माळ लागलेली. दीड-दोनशे रुपये दर महिन्याला जादा पॅकात जात होते आणि ते कोणाच्याच डोक्यात नव्हते, कारण एकोणीस रुपये कोणी खर्च म्हणून धरत नाही. शिवाय मोबाइलचा 'महिना' २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज.

डेटाचा हिशेब अवघड गेला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचा वापर एकाच ओळीत दिसतो. लॅपटॉपने किती खाल्ला आणि टीव्हीने किती, हे वेगळं कळत नाही. विंडोजमध्ये मात्र नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेल्या ३० दिवसांत कुठल्या प्रोग्रामने किती डेटा वापरला याची यादी असते. ती उघडल्यावर वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, ते रिमोट डेस्कटॉप यादीत बरंच खाली. वर होते विंडोजचे अपडेट आणि फोटो आपोआप ढगात चढवणारी सेवा. लॅपटॉपला हॉटस्पॉट हेही वायफायच वाटतं, म्हणून तो फुकटच्या नळासारखा डेटा ओढत होता. त्या नेटवर्कला 'मीटर्ड कनेक्शन' अशी खूण केली की बहुतेक अपडेट थांबतात. एक बटण. तेवढ्याने लॅपटॉपचा वापर निम्म्याच्या खाली आला.

उरला टीव्ही. १ एमबीपीएसने तासभर डेटा वाहिला की ४५० एमबी होतात. टीव्हीवर चांगल्या चित्राचा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. गुरुजींचं एक कीर्तन म्हणजे घरातल्या कोणाही एका फोनचा दिवसाचा कोटा. चित्राची प्रत ४८०पी वर आणली तेव्हा तोच तास अर्ध्या जीबीच्या आसपास आला. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "बुवांचा चेहरा जरा धुरकट येतो, पण आवाज स्वच्छ आहे. चालेल."

या मोजणीतून दोन गोष्टी समोर आल्या. वहिनींच्या कामाला डेटा थोडा पण अखंड लागतो. टीव्हीला डेटा भरपूर लागतो, पण मध्ये तुटला तर कोणाचं काही बिघडत नाही. गरजा दोन आणि नळ एकच, असा तो पेच होता. पुढचे निर्णय चुकले किंवा जमले ते हा फरक लक्षात ठेवला की नाही त्यावर.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मोठा मोबाइल प्लॅन. दर वाढल्यानंतर अमर्याद ५जी डेटा मोठ्या प्लॅनवरच मिळू लागला. पण त्या खिडकीत ४जीच येत होतं, त्यामुळे ५जीच्या जाहिरातीचा यांना उपयोग शून्य. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

दुसरा, छतावर डबा लावून ५जीवरून घरात वायफाय देणारी सेवा. ही २०२३ मध्ये पुण्या-मुंबईसारख्या शहरांतून सुरू झाली आणि नंतर पसरली. तिलाही टॉवर चांगला दिसावा लागतो. घर खोलगट जागेत, समोर डोंगर. हाही गेला.

तिसरा, सिम घालायचा राउटर. याला बॅटरी नसते, अँटेना फोनपेक्षा बऱ्या असतात आणि तो एका जागी राहतो. माझं मत याच्या बाजूचं होतं, निदान पुढचं ठरेपर्यंत तरी. दोन-तीन हजारांची वस्तू म्हणून भाऊ मागे हटले.

चौथा, फायबर. सरकारच्या भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेली होती, पण ग्रामपंचायत आणि हे घर यांच्यात एक पऱ्या (ओढा) आणि दोन वाड्या. महामार्गाजवळच्या वाडीत मात्र स्थानिक केबलवाल्यामार्फत फायबर मिळू लागलं होतं. घरापर्यंत तार ओढायची तर पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली यावं लागणार. खर्च आणि भरवसा, दोन्ही अंदाजाबाहेरचे.

पाचवा पर्याय घरातच कपाटात होता: भाऊंचा जुना फोन.

पहिला निर्णय: खिडकीतला फोन

जुन्या फोनमध्ये नवीन सिम घातलं आणि फोन ओटीच्या खिडकीत कायमचा चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालू ठेवला. घराचं इंटरनेट आता घरात राहणार होतं. अडचण नेमकी ओळखून काढलेला हा उपाय होता आणि ऑगस्टभर तो चाललाही. भाऊ फिरतीवर असले तरी मुलीला माजघराच्या दारापर्यंत रेंज मिळायची.

मग एका सकाळी आजींनी सांगितलं, "त्या फोनचं पोट वर आलंय." मागचं झाकण एका बाजूने उचललेलं, कडेची फट इतकी की नख आत जावं, आणि टेबलावर ठेवला की फोन पाठीवर डुगडुगायचा. बॅटरी फुगली होती. बॅटरी जुनी, त्यात दिवसरात्र शंभर टक्के चार्ज, हॉटस्पॉटची उष्णता आणि खिडकीत दुपारचं ऊन. एवढं झाल्यावर वेगळं काही व्हायचंच नव्हतं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. फोन बंद करून ओटीबाहेर, चिऱ्यावर ठेवला आणि पुढे दुकानातून ई-कचऱ्यात पाठवला.

इथे निर्णयाची खरी वेळ आली होती. सिमचा राउटर तेव्हाच घेतला असता तर हीच कल्पना सुरक्षितपणे पुढे चालली असती. पण गणपती दहा दिवसांवर आलेले, आणि 'गणपती झाले की बघू' हे आमच्याकडचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर असतं.

गौरीपूजनाचा दिवस

२०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. चाकरमानी आले, वाडीतली बंद घरं उघडली. माणसं तिप्पट झाली, टॉवर तेवढाच राहिला. भाऊंची सुट्टी असल्याने त्यांचा फोन घरातच होता, म्हणजे इंटरनेट घरात असायला हवं होतं. फोनवर रेंजच्या चार दांड्या दिसत होत्या आणि पान मात्र उघडत नव्हतं.

रेंजच्या दांड्या सिग्नल किती जोरात येतो ते सांगतात, टॉवरवर जागा किती उरली आहे ते सांगत नाहीत. एसटीच्या पाटीवर गावाचं नाव असलं म्हणून आत बसायला मिळतंच असं नाही. एका टॉवरच्या एका बाजूची क्षमता तिथल्या सगळ्या फोनांत वाटली जाते आणि संध्याकाळी आरतीचे व्हिडिओ मुंबईला जायला लागले की कोणाच्याच वाट्याला काही येत नाही. अशा वेळी कितीही जीबी शिल्लक असले तरी उपयोग नसतो. मोबाइल इंटरनेटची ही मर्यादा रिचार्ज वाढवून जात नाही आणि दुकानात कोणी ती सांगतही नाही.

भरीला घरचे पाहुणे. हॉटस्पॉटचा पासवर्ड सोपा, भाच्यांना पाठ. शेजारच्या घरी उतरलेल्यांचे फोनही आपोआप जोडले जात होते.

११ सप्टेंबरला गौरीपूजन आणि ११ तारीखच जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची. वहिनींच्या वाट्याला दोन ग्राहकांची विवरणपत्रं होती. सकाळी प्रयत्न केला, जमलं नाही. गौरीच्या ओवशाची गडबड, स्वयंपाक आणि मध्येच ओटीवर येऊन लॅपटॉपकडे पाहणं. दुपारी मुंबईहून फोन आला. शेवटी भाऊंनी लॅपटॉपसकट त्यांना मोटरसायकलवर बसवून महामार्गाच्या कडेला, दुसऱ्या टॉवरच्या पट्ट्यात नेलं. ओळखीच्या टपरीवर बसून काम झालं. मुदत पाळली, पण ऑफिसने पुढच्या आठवड्यात शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे इंटरनेटची कायमची सोय होणार आहे का? नाहीतर हे दोन ग्राहक आम्ही दुसऱ्यांकडे देतो."

त्या फोननंतर घरातली चर्चा बदलली. तोवर प्रश्न होता, रिचार्जमध्ये पैसे कसे वाचतील. आता तराजूच्या एका पारड्यात वहिनींचा पगार आला. गुरुजींनी विषय मिटवला. भाऊंना म्हणाले, "शाळेत खडू संपला म्हणून तास बुडवत नाहीत रे. तार ओढून घे."

फायबर घेताना

दोन ठिकाणी चौकशी झाली. दोघांचाही प्लॅन ३० एमबीपीएसच्या वरचा आणि डेटाची मर्यादा महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास, म्हणजे या घराला अमर्यादच. दरही जवळजवळ सारखे. ४९९ चा प्लॅन घेतला, १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये. इथे लोक फसतात. मोबाइल रिचार्जच्या किमतीत कर धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीत बहुधा नसतो.

दर सारखे असताना निवड कशावर करायची? वहिनींनी वरच्या वाडीतल्या ग्राहकांना वेग विचारलाच नाही. विचारलं, "गेल्या पावसात तार तुटली तेव्हा किती दिवसांनी जोडून मिळाली, आणि आलं कोण?" एकाच्या बाबतीत उत्तर आलं, कॉल सेंटरला तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. दुसऱ्याच्या बाबतीत तार जोडणाऱ्या पोराचं नाव आणि तो कुठल्या वाडीत राहतो ते कळलं. निवड तिथेच झाली. चौपदरीकरणाच्या कामात महामार्गालगतच्या तारा किती वेळा तुटल्या हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा प्रश्न वेगाच्या आधी का विचारायचा ते वेगळं सांगायला नको.

पैसे भरताना दुसरा मुद्दा निघाला. सहा महिने आगाऊ भरले तर जोडणीचा खर्च माफ. भाऊंचा कल तिकडेच होता. वहिनी अडून बसल्या: पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला भरू, जोडणीचे पैसे गेले तरी चालतील. नव्या सेवेला आगाऊ पैसे दिले की तक्रारीची धार जाते, हा त्यांचा अनुभव गॅस एजन्सीपासूनचा. मला तो पटला.

तिसरा मुद्दा तारेच्या वाटेचा. रस्त्याच्या खांबापासून घरापर्यंत तार आणायला दोन मार्ग होते. आगरातल्या पोफळींना आणि एका जुन्या रातांब्याला टांगून आणणं स्वस्त आणि अर्ध्या दिवसाचं. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने पाइपात घालून जमिनीतून आणायचं तर चर खणायचा माणूस, पाइप आणि दोन दिवस. दिवाळी तोंडावर, माणूस मिळेना. तार झाडांवरून आली.

दिवाळीच्या आधी वायफाय सुरू झालं. पण माजघरात रेंज नाही! जोडणाऱ्याने राउटर तार जिथून आत आली तिथेच, ओटीच्या कोपऱ्यात ठोकला होता. दीड फुटाच्या चिऱ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ जात नाही, २.४ गिगाहर्ट्झचं कसंबसं जातं. राउटर माजघराच्या दारावर, उंचावर हलवला. वहिनींच्या टेबलापर्यंत माळ्यावरून साधी लॅन केबल टाकली. ज्या कामावर पगार अवलंबून, ते वायफायवर ठेवायचंच कशाला? लॅपटॉप तारेवर, बाकी घर हवेवर. पाहुण्यांसाठी राउटरमध्येच वेगळ्या नावाचं नेटवर्क आणि वेगळा पासवर्ड केला.

लाईटचा प्रश्नही तेव्हाच सोडवला. घरात इन्व्हर्टर होता, राउटर त्याच्या लाइनवर घेतला. फायबरच्या वाटेत मध्ये जो फाटे फोडणारा डबा असतो त्याला वीज लागत नाही. त्यामुळे वाडीची लाईट गेली तरी घरचा राउटर आणि केबलवाल्याचं केंद्र चालू असेल तर इंटरनेट चालू राहतं. दुसरीकडे, लाईट बराच वेळ नसली आणि टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइल इंटरनेटही जातं. हे ऐकून शेजाऱ्यांना मोठं नवल वाटलं होतं.

हॉटस्पॉटचं काय केलं

हॉटस्पॉट सोडून दिला नाही, त्याची जागा बदलली. भाऊंचा ३४९ चा प्लॅन तसाच ठेवला, कारण फिरतीवर त्यांना नकाशा आणि ऑर्डरचं ॲप लागतं. वहिनींचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवला. १९०० वर मेसेज करून कोड घ्यायचा, तो चार दिवस चालतो, आणि आपल्याच सर्कलमध्ये नंबर तीन कामाच्या दिवसांत वळतो. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे तो टॉवर बसला की दोन्ही फोन एकदम आडवे. वहिनींना आता घरी वायफाय असल्याने कॉलिंगपुरता १९९ चा प्लॅन पुरला, आणि गरज पडली तर जादा डेटाचं पॅक आहेच.

हिशेब सरळ आहे. आधी ६४८ आणि जादा पॅकचे दीड-दोनशे, म्हणजे आठशे-साडेआठशे. आता ५८९, ३४९ आणि १९९ मिळून ११३७. खर्च जवळजवळ तीनशेने वाढला. 'वायफाय घेतलं की मोबाइलचा खर्च वाचतो' असं सर्रास सांगितलं जातं. या घरात तसं झालं नाही. गुरुजींची डिशही बंद झाली नाही, कारण आजींच्या मालिका वेळेवर लागायला हव्यात आणि त्यावर चर्चा नाही.

काय झालं

ऑफिसने ते दोन ग्राहक वहिनींकडेच ठेवले, जानेवारीत आणखी एक दिला. मध्यरात्रीचं काम बंद झालं. मुलगी माजघरात बसून व्हिडिओ पाहते. त्यातले सगळे अभ्यासाचे नसतात, ही आजींची तक्रार आहे.

पहिली परीक्षा २०२५ च्या मे महिन्यात झाली. त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला, झाडांच्या फांद्या तोडायला कोणाला उसंत मिळाली नव्हती. रातांब्याची फांदी तारेवर पडली आणि इंटरनेट गेलं. तार जोडणारा पोरगा चौथ्या दिवशी आला. त्याचीही चूक म्हणता येणार नाही, तालुकाभर हेच चाललं होतं. त्या चार दिवसांत वहिनींनी खिडकीपाशी बसून आपल्या नव्या सिमवरून काम केलं. जादा डेटाची पॅक घेतली, टीव्ही बंद ठेवला. लॅपटॉपला फोनची 'मीटर्ड' खूण तशीच होती, म्हणून डेटा पुरला. भाऊंच्या कंपनीचा टॉवर त्यातले दोन दिवस बंदच होता. नंबर वळवला नसता तर पुन्हा टपरी गाठावी लागली असती.

दुसरी परीक्षा गणपतीत. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला आली, गौरीपूजन १ सप्टेंबरला, त्यामुळे ११ तारखेचा काम-सणाचा खटका उडालाच नाही. टॉवर नेहमीप्रमाणे बसला, घरचं वायफाय चाललं, पाहुणे पाहुण्यांच्या नेटवर्कवर राहिले. तरीही फायबर उत्तीर्ण झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुदत आणि सण पुन्हा एका दिवशी येतील तेव्हा कळेल.

काय वेगळं करता आलं असतं

तार झाडांवरून आणणं ही बचत महागात पडली. मेमधल्या घटनेनंतर आगरातला तुकडा गडग्याच्या कडेने पाइपात घातला. पाइपाचे पैसे तेवढेच लागले, शिवाय जोडणीचे पैसे दोनदा द्यावे लागले. जोडणी दिवाळीनंतर आठ दिवसांनी झाली असती तरी चाललं असतं. कोकणात पावसाळ्याआधी झाडाला टांगलेली तार म्हणजे पुढच्या तक्रारीची तारीख ठरवून ठेवणं.

जुना फोन कायम चार्जिंगला लावण्याऐवजी सिमचा राउटर घ्यायला हवा होता, हे वर आलंच आहे. मात्र त्याने गौरीपूजनाचा दिवस वाचला नसता. टॉवरवर जागाच नसेल तर राउटर तरी काय करणार? फक्त बॅटरीचा धोका टळला असता. हा फरक लोक गाळतात आणि मग चांगला राउटर घेऊनही 'नेट स्लो' म्हणून दुकानात येतात.

मोजणी मात्र आणखी आधी करायला हवी होती. विंडोजमधली ती यादी आणि टीव्हीचं ४८०पी, या दोन्हींना एक रुपया लागला नाही. जूनमध्येच ते केलं असतं तर जुलै-ऑगस्टची बरीच जागरणं टळली असती, आणि कदाचित फायबरचा निर्णय घाईत न होता पाइपासकट झाला असता.

उलट बाजूही सांगायला हवी. याच वाडीत एक घर आहे, दोघंच म्हातारी माणसं, मुलगा ठाण्याला. त्यांनी या घराचं पाहून फायबर घ्यायचं म्हटलं. त्यांची गरज म्हणजे संध्याकाळचा नातवाचा व्हिडिओ कॉल आणि थोडं यूट्यूब. त्यांना मी नको म्हणालो. एका फोनचा रोजचा दीड जीबी त्यांना पुरून उरतो आणि फोन घराबाहेर जातो तो फक्त देवळापर्यंत. जिथे कोणाचं काम इंटरनेटवर अडत नाही आणि फोन घरातच असतो, तिथे हॉटस्पॉट पुरतो.

पहिल्या घरात पुढचा हिशेब जूनमध्ये आहे. मुलगी दहावी होऊन अकरावीला रत्नागिरीला राहायला जाईल, तेव्हा तिला स्वतःचं सिम आणि रोजचा डेटा लागेल. तिथल्या खोलीत वायफाय आहे की नाही, ते अजून विचारलेलं नाही. वहिनी म्हणतात की तो खर्च धरून भाऊंनी आपला प्लॅन २९९ वर आणावा. भाऊ म्हणतात, पावसाळा संपेपर्यंत नको. यावर अजून ठरलेलं नाही.